मामींची राखून ठेवलेली चूक

मामी नक्की कुणाच्या मामी, हे कुणी विचारायचं नाही. ज्यांचे कपडे त्या इस्त्री करायच्या त्या सगळ्यांच्या त्या मामी. आणि टाकीची वसाहत नि पिवळी वसाहत मिळून, ज्याचे कपडे मामींच्या टेबलावरून गेले नाहीत असं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं.

टाकीच्या वसाहतीत उंच खांबांवर पाण्याची टाकी उभी होती, म्हणून ती टाकीची. टाकीत पाणी असायचंच असं नाही, पण नाव काही पाण्यावर चालत नाही. पिवळी वसाहत कधीकाळी पिवळी होती. मग तिला पांढरा रंग दिला, तो उडाला. करडा दिला, त्याचे पोपडे निघाले. लोक मात्र पिवळीच म्हणत राहिले. दोन वसाहतींच्या मध्ये भिंत, भिंतीत एक उंच लोखंडी फाटक, आणि फाटकाला अगदी खेटून, टाकीच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाखाली मामींचं टेबल. टेबलामागे दार, दारामागे त्यांची खोली. वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे इस्त्री कोळशाची. ती अशी जड की नवख्या माणसानं उचलली तर दोन्ही हातांनी उचलावी. मामी ती एका हातानं फिरवायच्या आणि दुसऱ्या हातानं बोलायच्या.

मामी कपड्यांवर खूण कधी करायच्या नाहीत. ना शाईचा ठिपका, ना दोऱ्याचा टाका. त्यांची सगळी मदार गाठींवर. प्रत्येक घर आपले कपडे चादरीत नाहीतर जुन्या टॉवेलात बांधून आणायचं, आणि प्रत्येक घराची गाठ निराळी. नवीन लग्न झालेल्या घराची गाठ सैल, कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे. डॉक्टरांच्या घरची घाईची, ती नेहमी अर्धी सुटलेलीच यायची. मामी ती गाठ सोडताना बोटांनी लक्षात ठेवायच्या, आणि कपडे झाले की त्याच गाठीत बांधून परत द्यायच्या. सैल आली तर सैल, तिरकी आली तर तिरकी. "ज्याची गाठ त्याला," एवढंच त्यांचं शास्त्र. खिशात राहिलेली चिल्लर, अंगठी, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची कवळी, सगळं त्या त्या गाठीतून त्या त्या घरी पोचलं होतं. इतक्या वर्षांत एक रुमालसुद्धा चुकीच्या घरी गेला नव्हता आणि एक कॉलरसुद्धा जळली नव्हती. मामींना या गोष्टीचा गर्व होता का? होता की. ज्याला आपल्या कामाचा गर्व नाही त्याच्याकडे मी तरी माझा शर्ट देणार नाही.

मामींचा नवरा म्हणजे ओघानंच मामा. मामा शहर बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर आता निवांत बसू म्हणाले, आणि नियतीनं ते जरा जास्तच मनावर घेतलं. एका सकाळी त्यांच्या अंगाची डावी बाजू गेली. जीव वाचला, जीभ वाचली, पाय मात्र रुसला. मामा म्हणायचे, "उजवं चाक ठीक आहे, डावं पंक्चर. आणि स्टेपनी देवानं दिलीच नाही."

पिवळ्या वसाहतीत, फाटकापासून हाकेच्या अंतरावर, सरकारी दवाखाना होता आणि त्याच्या मागच्या खोलीत व्यायामवाल्या ताई होत्या. वयानं लहान, पण आवाजानं हवालदार. त्यांनी मामांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथं मी जे करून घेईन ते अर्धं औषध. तुम्ही रोज आपल्या पायांनी इथपर्यंत चालत याल ते उरलेलं अर्धं. उचलून आणलेला पेशंट मला नको."

म्हणून मामा रोज सकाळी काठी घेऊन निघायचे. टेबल, फाटक, नळ, बाक, दवाखाना. सुरुवातीला मामींचा खांदा लागायचा, मग नुसता हात, मग नुसती नजर. शेवटी शेवटी तर मामी इस्त्री न थांबवता, मान वर न करता, काठीच्या आवाजावरून ओळखायच्या की मामा आता नळाशी आहेत, आता बाकाशी. बाकावर न बसता पुढे गेले की मामींचा हात त्या शर्टावर जरा जास्तच प्रेमानं फिरायचा.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि बरं चाललेलं बघवत नाही ते माणसाला. निमित्त झालं कचऱ्याच्या डब्याचं.

हमरस्ता गटारासाठी खणून ठेवला होता. खणणारे खणून गेले, बुजवणारे यायचे होते. त्यामुळे कचऱ्याची गाडी आत येईना आणि फाटकाशेजारचा डबा उतू जायला लागला. डबा कुणाचा? टाकीवाले म्हणाले पिवळ्यांचा, पिवळे म्हणाले टाकीचा. जोवर डबा रिकामा होत होता तोवर दोघांचा होता. भरून वाहायला लागल्यावर तो पोरका झाला. मग कुणी तरी रात्री पिशवी फेकली, दुसऱ्या बाजूनं तीच पिशवी परत आली, येताना फुटून आली. नगरपालिकेकडे गेले तर तिथला साहेब म्हणाला, हा तुमचा आपसातला प्रश्न. असं म्हटलं की त्यांचा चहा गार होत नाही.

पिवळ्या वसाहतीच्या कमिटीचे अध्यक्ष हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. दार लावलं की ते परत येऊन लागलं का बघणार, मग लागलं का बघितलं होतं का, ते बघायला पुन्हा येणार. त्यांच्या कपड्यांच्या बोचक्याला तीन गाठी असत. टाकीच्या कमिटीच्या अध्यक्षा म्हणजे हेडबाई; शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून झाली नव्हती. त्यांची गाठ म्हणजे वेणीला बांधलेल्या रिबिनीचं फूल, दोन्ही पाकळ्या सारख्या.

तपासनिसांनी फाटकाला साखळी घालून कुलूप ठोकलं. हेडबाई दुसऱ्या दिवशी आल्या, त्यांनी ते कुलूप बघितलं, आणि "त्यांनी लावलेल्या कुलपात आम्ही का राहायचं?" म्हणून त्याच साखळीत आपलं दुसरं कुलूप अडकवलं. आता फाटक उघडायचं तर दोन्ही कुलपं निघाली पाहिजेत. यापुढची गंमत म्हणजे नियमाप्रमाणे आगीचा बंब आला तर फाटक उघडता आलं पाहिजे, म्हणून किल्ली जवळ कुणाकडे तरी हवी. पिवळ्या कमिटीत कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. चिटणिसाचा मेव्हणा टाकीत राहायचा, खजिनदार विसराळू, पहारेकरी झोपाळू. शेवटी तपासनीस गजांजवळ आले, इकडेतिकडे बघितलं, आणि किल्ली मामींच्या हातात दिली.

"मामी, तुमच्यावर भरवसा आहे म्हणून देतो. कमिटीच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, आमच्या माणसाखेरीज कुणाच्या हातात द्यायची नाही, आणि तुमच्याकडे आहे हे कुणाला सांगायचं नाही. शब्द द्या."

मामींनी शब्द दिला. दिला, कारण त्यांना वाटलं, आठवड्याभरात भांडण विरेल.

त्याच दुपारी हेडबाई टेबलाशी आल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि आपली किल्ली मामींच्या हातात ठेवली. "आमच्या कमिटीत एकाच्या पोटात काही राहात नाही. तुम्ही मात्र तोंडाच्या घट्ट. शब्द द्या."

आता हेडबाईंना 'नाही' म्हणायचं तर का, ते सांगावं लागणार. आणि सांगितलं की आधीचा शब्द मोडला. मामींनी दुसराही शब्द दिला. मग घरात जाऊन मामांना सगळं सांगितलं. नवरा 'कुणाला'त धरायचा नसतो, असं त्यांचं मत होतं.

दोन किल्ल्या एकत्र ठेवल्या तर वाजतात, आणि वाजल्या की लोक विचारतात. म्हणून तपासनिसांची किल्ली मामींनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि हेडबाईंची कमरेच्या पिशवीत ठेवली. आग लागली असती तर दोन्ही कमिट्या एकमेकांना शिव्या घालत एकाच टेबलाशी धावत आल्या असत्या. सुदैवानं आग लागली नाही. दुर्दैवानं भांडणही विझलं नाही.

फाटकाचे गज असे होते की कपड्यांचं बोचकं आडवं सरकून जायचं, माणूस जायचा नाही. त्यामुळे मामींचा धंदा कसाबसा चालू राहिला. बोचकी गजांतून यायची, गजांतून जायची. बंद झाली ती माणसं. दवाखान्यात जायचं तर आता हमरस्त्यानं मोठा वळसा. तिथं एका बाजूला खणलेला खड्डा, दुसऱ्या बाजूला अंगावर येणाऱ्या गाड्या, आणि फुटपाथ फक्त नगरपालिकेच्या नकाशावर. धडधाकट माणूस तिथं देवाचं नाव घेत चालायचा. मामांनी एकदा प्रयत्न केला. पहिल्याच वळणावर काठी मातीत रुतली आणि मामींनी त्यांना घट्ट धरून परत आणलं. रिक्षावाले एवढ्या जवळ यायला तयार नव्हते, आणि आले तरी व्यायामवाल्या ताईंचं ते उरलेलं अर्धं औषध रिक्षातून मिळणारं नव्हतं.

ताई अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी यायच्या आणि गजांपलीकडून हुकूम सोडायच्या. "मामा, पाय उचला. आणखी. गजाला लावा. मामी, त्यांना फसवू देऊ नका." मामा खुर्चीत बसून पाय उचलायचे आणि म्हणायचे, "ताई, तुरुंगात मी आहे का तुम्ही, तेवढं सांगा." ताई हसायच्या, पण जाताना मामींना हळूच म्हणायच्या, "बसून भागणार नाही हो. चालणं सुटलं तर पाय विसरतो."

हे वाक्य मामींच्या काळजात रुतून बसलं. पाय विसरतो.

मामांनी मात्र बरेच दिवस थट्टेवर निभावलं. मामी हमरस्त्यानं वळसा घालून, पलीकडच्या घरांच्या जाड चादरी पोचवून घामाघूम होऊन आल्या की ते म्हणायचे, "काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण तुला बघूनच केली असणार. एक किल्ली गळ्यात, एक कमरेला, आणि नवरा खुर्चीत!"

"हळू बोला," मामी म्हणायच्या.

"उघडून टाक की गं एकदा पहाटे. जाऊन येतो आणि परत लाव. कुणाला कळतंय?"

मामी इस्त्री थांबवून त्यांच्याकडे बघायच्या. मामा लगेच कान धरायचे. "नको नको. शब्द दिलास. बस रिकामी असली तरी सिग्नल तोडायचा नाही, हे मीच पोरांना शिकवायचो."

मामी काही नुसत्या बसून राहिल्या नव्हत्या. त्यांनी तपासनिसांना गजांतून विचारलं. तपासनीस म्हणाले, "मामी, आमचं मन मोठं आहे. मामांसाठी आम्ही केव्हाही कुलूप काढू. त्यांनी आधी काढू दे."

हेडबाईंना विचारलं. हेडबाई म्हणाल्या, "छे छे, आमची काही हरकतच नाही. कुलूप आधी कुणी लावलं? त्यांनी. मग आधी कुणी काढायचं?"

"पण तुम्ही काढलंत तर..."

"तर वसाहत मला विचारेल, बाई, तुम्ही नमलात का? मी काय सांगू?"

तिकडे तपासनिसांनाही त्यांची वसाहत हेच विचारणार होती. दोघंही वाईट नव्हती, हीच तर अडचण. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. भल्या माणसाचा मान आडवा आला की त्याला ओलांडायला शिडी मिळत नाही. आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, तो मामींना काही कुठे दिसेना.

एका रविवारी संयुक्त बैठकही झाली. फाटकाच्या अलीकडे टाकीच्या खुर्च्या, पलीकडे पिवळ्यांच्या, मधे गज आणि गजांशेजारी तो डबा. पाहणाऱ्याला वाटलं असतं की दोन्हीकडचे एकमेकांना भेटायला तुरुंगात आलेत. बराच वेळ, पहिलं कोण बोलणार यावर चर्चा झाली. मग एका समजूतदार माणसानं सुचवलं, दोन्ही कुलपं एकाच क्षणी काढा, म्हणजे कुणी आधी नाही नि कुणी नंतर नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामींच्या हातातली इस्त्री थांबली.

तेवढ्यात तपासनिसांनी विचारलं, "कुणाच्या घड्याळाप्रमाणे?"

घड्याळांवरून जे सुरू झालं ते पाणी, पार्किंग आणि कुणाचा कुत्रा कुणाच्या दारात काय करतो इथपर्यंत गेलं, आणि खुर्च्या उचलून दोन्ही वसाहती आपापल्या वाटेनं गेल्या. मामींनी इस्त्रीतले कोळसे हलवले. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं त्यांनी मामांना सांगितलं. मामांनी ते खरं मानल्यासारखं केलं.

आणि मग एका सकाळी मामी मामांची काठी घेऊन आल्या. गजांपर्यंत तरी चालू, तिथून परत येऊ, हा त्यांचा रोजचा नेम होता. मामांनी काठी घेतली नाही.

"आज नको."

"का? दुखतंय का?"

"दुखत नाही. कुठे जायचंय म्हणून चालायचं? गजांना हात लावून परत यायला? बसतो. बसून बरं आहे."

त्यात थट्टा नव्हती. चाक नाही, बस नाही, सिग्नल नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मामांना मामींनी रागावलेलं बघितलं होतं, आजारी बघितलं होतं, पण असं साधं सरळ वाक्य बोलताना बघितलं नव्हतं. त्या भ्यायल्या. अंगाची बाजू गेली त्या दिवशीपेक्षा जास्त भ्यायल्या.

त्या टेबलाशी परत आल्या आणि त्यांनी समोरचं बोचकं ओढलं. तीन गाठी, तपासनिसांचं. ते सोडून शर्ट काढले, इस्त्री केली, घड्या घातल्या, परत तीन गाठी मारल्या. मग पुढचं बोचकं, रिबिनीच्या फुलाचं, हेडबाईंचं. तेही केलं. दोन्ही तयार बोचकी शेजारी शेजारी ठेवली आणि मामी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

शब्द मोडायचा नव्हता. उघडायचं नाही म्हणजे नाही. ते कुलूप आपल्या हातानं काढलं तर उद्यापासून कुठल्या तोंडानं लोकांच्या खिशातल्या अंगठ्या परत द्यायच्या? पण चूक करायची नाही, असा शब्द त्यांनी कुणाला दिला नव्हता. चूक कुणाकडून होत नाही? डॉक्टरांकडून होते, नगरपालिकेकडून तर दुसरं काही होतच नाही. प्रत्येकाला आयुष्यात निदान एका चुकीची तरी सवलत असतेच, आणि मामींनी आपली अजून वापरलीच नव्हती. जपून ठेवली होती, ठेवणीतल्या चादरीसारखी.

त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, एका चिंधीत ठेवली आणि चिंधीला तीन गाठी मारल्या. कमरेची किल्ली काढली, दुसऱ्या चिंधीत ठेवली आणि तिला रिबिनीचं सुबक फूल बांधलं. ज्याची गाठ त्याला. मग तीन गाठींची चिंधी त्यांनी हेडबाईंच्या बोचक्यात सारली आणि फुलाची चिंधी तपासनिसांच्या.

तपासनीस नेहमीप्रमाणे कपडे न्यायला गजांशी आले. मामी म्हणाल्या, "साहेब, तुमची किल्ली परत करतेय. आता मला जमत नाही. कपड्यांत ठेवली आहे." तपासनिसांनी मान हलवली, थोडे नाराज झाले, बोचकं घेऊन गेले. हेडबाई आल्या. त्यांनाही मामींनी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. हेडबाई म्हणाल्या, "काही बिनसलं का?" मामी म्हणाल्या, "हात दुखतात."

तपासनीस तपासल्याशिवाय कसे राहणार? घरी जाऊन बोचकं सोडलं, फूल बांधलेली चिंधी दिसली, सोडली, आणि किल्ली आपलीच आहे का बघायला ते थेट फाटकाशी आले. आपल्या कुलपात घातली. जाईना. उलटी घातली. जाईना. त्याच वेळी अलीकडून हेडबाई तीन गाठींची चिंधी हातात धरून, नखं मोडल्याच्या रागात चालत आल्या.

"मामी!" दोघंही एकदम ओरडली.

मामी मान वर न करता एक पांढरा शर्ट पसरत होत्या. "काय झालं?"

"ही माझी किल्ली नव्हे," तपासनीस म्हणाले.

"आणि ही गाठ माझी नव्हे," हेडबाई म्हणाल्या. "या गाठीनं माझी दोन नखं गेली. ही गाठ कुणा माणसाची आहे तरी का?"

"माझी आहे," तपासनीस जरा दुखावून म्हणाले.

"अगंबाई," मामी म्हणाल्या. "बदलल्या वाटतं. चूक झाली."

मामी आणि चूक हे दोन शब्द आजवर कुणी शेजारी शेजारी ऐकले नव्हते.

"तुमच्याकडून?" तपासनिसांनी विचारलं.

"माणूस आहे साहेब मी. एक राखून ठेवली होती."

हेडबाई पोरांना पकडण्यात हयात घालवलेल्या. त्यांना आधी उमगलं. "म्हणजे यांचीही किल्ली तुमच्याकडेच होती?"

"हो."

"केव्हापासून?"

"तुम्ही तुमची दिलीत, त्याच दिवसापासून."

"दोन्ही?" तपासनीस म्हणाले. "दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे होत्या, आणि... मग उघडलं का नाहीत?"

मामींनी पहिल्यांदा मान वर केली. "उघडायचं नाही म्हणाला होतात ना."

दोघांच्याही नजरा टेबलाच्या पलीकडे, दाराशी गेल्या. तिथं मामा खुर्चीत बसले होते. डावा पाय कुणी तरी आणून ठेवल्यासारखा पुढे ठेवलेला, काठी भिंतीला टेकवलेली. तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. हेडबाईंनी वर्गात कधी खाली घातली नव्हती ती मान खाली घातली. लाज वाटली त्यांना, आणि वाटायलाच हवी होती.

"आणा," तपासनीस शेवटी म्हणाले आणि गजांतून हात पुढे केला. "माझी मला द्या, तुमची तुम्ही घ्या."

हेडबाई किल्ली देणार, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "परत कशाला बदलता? आपलं कुलूप काढायचं तर मान खाली जाते ना तुमची? मग एकमेकांचं काढा. साहेब, तुम्ही लोकांना सांगा, मी माझं कुलूप काढलं नाही. बाई, तुम्हीही तेच सांगा. दोघांचंही खरं."

हेडबाईंनी तपासनिसांकडे बघितलं. तपासनिसांनी मनातल्या मनात हे वाक्य दोनदा तपासलं आणि त्यात चूक सापडली नाही. मग साखळीवर दोन हात आले, एक इकडून, एक तिकडून. कुणाचं कुलूप आधी निघालं हे मी सांगणार नाही, नाहीतर परत सुरू व्हायचं. साखळी खळखळत खाली पडली आणि फाटक इतक्या दिवसांनी असं कुरकुरलं की पलीकडे दवाखान्याच्या पायरीवर व्यायामवाल्या ताई बाहेर आल्या.

"डब्याचं मात्र ठरवायला हवं," तपासनीस म्हणाले.

"उद्या," हेडबाई म्हणाल्या. "माझ्या घड्याळाप्रमाणे."

मामांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली. मामी पुढे होणार, तोच त्यांनी हातानं थांबवलं. उठायला वेळ लागला. उभं राहिल्यावर आणखी वेळ लागला. डावा पाय खरंच थोडा विसरला होता. मामांनी त्याच्याकडे खाली बघून त्याला काही तरी आठवण करून दिली, आणि तो हलला. फाटकाच्या मधोमध दोन्ही अध्यक्ष अजून उभे होते.

"बाजूला व्हा," मामा म्हणाले. "जड वाहन आहे."

दोघंही एकदम बाजूला झाली. ताई पायरीवरून ओरडल्या, "सावकाश! मी येत नाही घ्यायला, तुम्हीच या!" आणि मामा फाटकातून पलीकडे गेले. काठी, उजवा पाय, मग ओढत, फरपटत, पण आपला आपण डावा पाय. नळाशी थांबले, दम घेतला. मामी टेबलाशी उभ्या राहून बघत होत्या. आवाजावरून ओळखणाऱ्या मामी, कामातून मान वर न करणाऱ्या मामी डोळे भरून नुसत्या बघत राहिल्या. नळ मागे पडला. बाक आला. मामा बाकाशी रेंगाळले, बसावं का नाही असं वाटलं, आणि न बसता पुढे निघाले.

तेवढ्यात त्यांनी नाक वर करून हवा हुंगली आणि वळून ओरडले, "अगं! इस्त्री! शर्ट जळतोय तिकडे!"

"जळू दे!" मामी इकडून ओरडल्या. "तुम्ही खाली बघून चाला!"